लाल चिंधी म्हणजे मोह

फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळी सहाला धामणकर नाक्यावर आम्ही चौदा माणसं जमलो, तेव्हा माझ्या खिशात एक चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं : लाल – मोह, निळी – ऐन, हिरवी – कुंभा, पिवळी – माहीत नाही. ही चिठ्ठी कोणाच्या हाती लागली असती तर माझी अब्रू तिथेच नाक्यावर गेली असती.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं आणि लोकांना कुठे ना कुठे जमण्याची हौस आली होती. आमच्या वाचनालयाने ठरवलं की वसंतात गणेशपुरीच्या बाजूला निसर्गभ्रमण काढायचं. झाडं, पाखरं, दगड, जे दिसेल त्याची माहिती द्यायची. माहिती कोण देणार? तर कर्णिक मास्तर, म्हणजे मी. शाळेत वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतोय ना!

आता खरं सांगतो. फुलाचा उभा छेद मी फळ्यावर डोळे मिटून काढीन. पण ते फूल ज्या झाडाला लागतं ते झाड समोर उभं राहिलं, तर त्याची आणि माझी ओळख नाही. आंबा, वड, पिंपळ, नारळ इथे माझं ज्ञान संपतं. हे मी सांगून टाकलं असतं, पण भ्रमणाला आमच्या मुख्याध्यापिका निमकरबाई येणार होत्या. शाळेत पर्यवेक्षकाची जागा रिकामी होती आणि ती कोणाला द्यायची हे बाईंच्या शब्दावर होतं. माझी बायको कुसुम म्हणाली, "सांगा ना सरळ, येत नाही म्हणून." मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग मी अक्कल लढवली. आमच्या चाळीत सावंतकाका म्हणून निवृत्त वनरक्षक राहत. निवृत्त झाले तरी खाकी कपडे घातल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. आधीच्या रविवारी त्यांना घेऊन मी ती वाट चालून आलो. काका झाडाचं नाव सांगत, मी बुंध्याला रंगीत चिंधी बांधी. काकांनाही नाव आठवलं नाही की पिवळी. पळस नुसता पेटल्यासारखा फुलला होता, तो आंधळ्यालाही ओळखता आला असता, पण धोका नको म्हणून मी त्याच्यासाठीही केशरी चिंधी काढली होती. काकांनीच ती परत खिशात घालायला लावली. चिंध्या दिल्या होत्या शेजारच्या करीमभाईंनी. त्यांच्या लूमवर साड्या निघत, त्यांच्या किनारीची ही कातरण.

"मास्टरजी, पतंग की दुम बना रहे हो क्या?" त्यांनी विचारलं होतं.

"नहीं, झाड के लिए."

"झाड को साडी पहनाओगे?" असं म्हणून त्यांनी दोन मुठी जास्तच दिल्या.

तर एसटी आली. वज्रेश्वरीपर्यंत मला उभं राहावं लागलं, पण छाती फुगलेली होती. गणेशपुरीला उतरून आधी गरम पाण्याची कुंडं पाहिली. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेबद्दल मी पुस्तकात होतं ते सगळं बोललो आणि ते छान झालं. पाणी किती गरम असतं हे दाखवण्यासाठी वाचनालयाच्या चिटणिसांनी पाय घातला आणि जितक्या लवकर घातला त्याहून लवकर काढला. निमकरबाईंनी वहीत काहीतरी टिपलं. पर्यवेक्षकाची खुर्ची मला दिसू लागली.

भाताची खाचरं ओलांडून आम्ही डोंगराच्या पायवाटेला लागलो. खाचरं कापून कोरडी ठक्क पडली होती. कुठूनतरी तांबट टुकटुक करत होता. पाखराचं नाव मला ठाऊक होतं, कारण तो आमच्या शाळेमागेही ओरडतो. वळणावर पहिली लाल चिंधी दिसली.

"हा मोह!" मी छडी रोखून म्हटलं. "मोठा उपयुक्त वृक्ष. ह्याची फुलं मांसल आणि गोड असतात."

निमकरबाई जवळ गेल्या. "कर्णिक, ह्याला काटे आहेत."

होते खरे. चांगले आकड्यांसारखे होते. मागच्या रविवारी ते नव्हते असं मला वाटत होतं. पण डोळे काहीही म्हणोत, चिंधी लाल होती, आणि मी चिंधीवर विश्वास ठेवला.

"कोवळ्या वयात असतात, बाई. पुढे गळतात."

बाईंनी तेही टिपलं. पुढे निळी चिंधी आली. ऐन हा उंच, भव्य, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा वृक्ष, असं मी लांबूनच सांगत आलो आणि जवळ पोचलो तर चिंधी घाणेरीच्या झुडपाला. उंची माझ्या कमरेएवढी.

"हे अजून रोप आहे," मी म्हटलं.

"घाणेरीच्या वासाचं रोप?" चिटणीस म्हणाले.

मी भराभर पुढे निघालो. कुंभ्याची हिरवी चिंधी कुठेतरी जागेवर असेल ह्या एकाच आशेवर मी चढण चढलो. चिंधी होती, नीट दोन गाठी मारून बांधलेली. विजेच्या खांबाला.

सगळे गोल उभे राहिले. निमकरबाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

"आणि हा कुठल्या कुळातला, कर्णिक?"

माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. तेवढ्यात वरून कोणीतरी ओरडलं, "ह्योच तो! खाकीवाल्यासंगं आलेला तो ह्योच!"

वर एका मोठ्या झाडाखाली पाच-सहा बायका उभ्या होत्या. पुढे होती ती पन्नाशीची, काटक, पदर कमरेला खोचलेली. पाड्यावर तिला ठमाबाई म्हणत. ती तरातरा खाली आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. मला वाटलं मारते.

"सायेब, ह्यो मोव (मोह) तोडू नका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आमच्या आजेसासऱ्यानं राखलेला हाय. ह्याचीच फुलं, ह्याच्याच मोहट्यांचा (बियांचा) तेल. दुसरा झाड तोडा. आमी निशाण्या काडून बिनकामाच्या झाडांना बांधल्या, ती न्या खुशाल."

"खांबाला पण?" चिटणिसांनी विचारलं.

"त्याच्यात वीज हाय कुठं? त्यो बी न्या."

मग हळूहळू उलगडा झाला. खाकीतला माणूस आला, झाडांना निशाण्या करून गेला, म्हणजे झाडं आता तुटणार, असं पाड्याने धरलं होतं. बरोबरच होतं त्यांचं, आजवर तसंच होत आलेलं.

"आठ दिस झालं," ठमाबाई म्हणाली. "आमी पाळीपाळीनं झाडाखाली बसतो. कुऱ्हाड आली तं मिठी मारायची, असा ठरवलाय."

मला अगदी वाईट वाटलं. मी खुर्चीसाठी बांधलेल्या चिंध्यांनी ह्या बायकांचा आठ दिवस जीव टांगणीला लागला होता. सुटायला वाटही होती. वनखात्याने बेत रद्द केला, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. बाईंसमोर माझी मूठही झाकलेली राहिली असती. तसं म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा. पण बेत रद्द केलेलं खातं उद्या पुन्हा बेत करील, आणि ही बाई जन्मभर त्या झाडाखाली बसून राहील, हे तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

"मावशी, कोणी काही तोडणार नाही," मी म्हटलं. "मी खात्याचा माणूस नाही, शाळामास्तर आहे. चिंध्या मीच बांधल्या. मला झाडं ओळखता येत नाहीत. ह्या लोकांना नावं सांगायची होती, म्हणून खुणा केल्या."

ठमाबाई माझ्याकडे बघत राहिली. "येवडा शिकलेला, आन् मोव वळखत न्हाय?"

"नाही."

ती जी हसायला लागली ती खालीच बसली. मागच्या बायका हसल्या, आमचे चिटणीस हसले. निमकरबाईंकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

"अरं मंग इचारायचं व्हता की!" डोळे पुसत ठमाबाई म्हणाली आणि उठून चालू लागली. आम्ही चौदाजण निमूट तिच्या मागे.

पुढचे तीन तास तिने आम्हाला डोंगर दाखवला. मी ज्याला मोह म्हटलं तो खैर निघाला. खरा ऐन तिने साल चाचपायला लावून दाखवला. दरडीतल्या काळ्या दगडात अडकलेली पांढरी गारगोटी तिने उपटून दिली आणि सांगितलं की तिची सासू हिच्यावर ठिणगी पाडून चूल पेटवायची. घोरपड शिरलेलं बीळ दाखवलं, पण घोरपड बाहेर यायला तयार नव्हती. दुपारी मोहाखाली बसून आम्ही घरून आणलेल्या पोळ्या खाल्ल्या, तिने वर तांदळाची भाकरी आणि भाजलेली मोहाची फुलं वाढली. चिटणिसांनी फुलं खाऊन "काही होत तर नाही ना?" असं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा आशाच जास्त होती.

उतरताना ठमाबाई एसटीच्या थांब्यापर्यंत आली. चिंध्यांचं गाठोडं तिने माझ्या हातात दिलं, आणि त्यातली एक पिवळी काढून माझ्या मनगटाला बांधली. दोन गाठी मारून.

"ही कशाला?" मी विचारलं.

"फिरून आलात तं वळखाया पायजे ना. समदे मास्तर सारकेच दिसतात."

बसमध्ये निमकरबाई माझ्या शेजारी बसल्या. अंबाडीपर्यंत त्या आपली वही चाळत होत्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मुलांना आणू. माहिती त्या बाई देतील."

"आणि मी?"

"तुम्ही मुलांच्या रांगेत चाला. वहीपेन्सिल आणा."

पर्यवेक्षकाची जागा कवायतीच्या मास्तरांना मिळाली. मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण तेव्हापासून वर्गात फुलाचा छेद काढायच्या आधी मी ते झाड पाहून येतो, आणि नाही पाहिलं तर तसं सांगतो. आकाश कोसळत नाही. उगाच वीस वर्षं भीत होतो.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तर कुसुमने आधी मनगट पाहिलं. "हे काय बांधून घेतलंत? आणि पिवळी म्हणजे काय?"

मी खिशातली चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. तिने 'पिवळी – माहीत नाही' ही शेवटची ओळ वाचली, चिठ्ठीची घडी घातली आणि पाणी आणायला आत जाता जाता म्हणाली, "ह्याला चिंधी कशाला लागते? मी तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच ओळखलं होतं."