सईचा रडतानाचा व्हिडिओ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि त्याला मी दुखऱ्या दाढेपासून ऑफिसातल्या कटकटींपर्यंत सगळं सांगते. सहा वर्षं झाली. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द वापरायचं त्राण नाही आता. लपवून लपवून दमलेय, एवढंच.

आम्ही वोल्फ्सबुर्गला राहतो. सई, माझी मुलगी, इथेच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून. इथल्या मराठी मंडळातल्या बायका गणपतीत भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला – काय गं, सई बोलायला लागली का मराठी? जणू पोर अजून रांगतंय! मी हसून वेळ मारून न्यायची. पण लागायचं. फार लागायचं.

तेरा वर्षांची असताना सईला एका अंतराळयानाच्या मालिकेचं वेड लागलं होतं. वेड म्हणजे, आपल्या घराचा पत्ता एकवेळ चुकेल, पण यानातलं कुठलं दार कुठे उघडतं ते पाठ. दर रविवारी दुपारी नवा भाग आणि सोबत वरच्या मजल्यावरची लेना. बालवाडीपासूनची मैत्रीण. दोघी सोफ्यावर पाय घेऊन बसायच्या, मी पोहे करायची. लेना तीनदा मागून घ्यायची.

त्या रविवारच्या भागात यानावरचा जुना यंत्रमानव दुरुस्तीसाठी बाहेर गेला आणि दार लागलं. यानाला निघणं भाग होतं. तो बाहेरून टकटक करत राहिला. एवढंच. मला तर हसूच येत होतं. पण सई ताडकन उठली, हुंदके द्यायला लागली आणि ओरडली, "आई, तो बाहेर राहिला गं! त्याला आत घ्या ना कुणीतरी!"

मराठीत! नाक गळतंय, तोंड लालबुंद, आणि चक्क 'गं' लावून. मला काय झालं असेल, सांगा? ती तेच पुन्हा पुन्हा म्हणत होती, म्हणून मला वेळ मिळाला – कशाला, ते सांगायचं मी केव्हाची टाळतेय.

मी लेनाच्या मागे, दारात उभी होते. लेकीला जवळ घ्यायच्या आधी मी फोन काढला आणि व्हिडिओ घेतला. लगेच मंडळातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं – आमची मराठी मुलगी. हसरे चेहरे आले, टाळ्या आल्या. मी खूश.

कुणाच्या तरी मुलाने आईच्या फोनवरून तो उचलला, त्याला विनोदी संगीत लावलं, आणि मंगळवारपर्यंत सईच्या अख्ख्या वर्गाने तो पाहिला. ती दिसली की पोरं बाकावर टकटक करायची, तिच्या रडण्याची नक्कल करायची. मला कळलं तेव्हा मी आधी काय केलं? ग्रुपवरून व्हिडिओ काढला. मग फोनमधूनही.

व्हिडिओ मुळात कुठून आला हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा सईने आपला अंदाज बांधला. खोलीत लेना होती, व्हिडिओ लेनाच्या बाजूने घेतलेला होता. म्हणजे लेनाच. आई असं करेल हे तिच्या मनातही आलं नाही. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्या हाताची मला अजून लाज वाटते.

दोन दिवसांनी लेना आली. सई खोलीतून बाहेर येईना. लेना मला म्हणाली, "तुम्ही होतात ना तिथे? सांगा ना तिला, माझा फोन जॅकेटमध्ये होता." तिला माझा संशय होता का? छे. ती साक्षीदार मागत होती. आणि मी म्हणाले, "तुमचं तुम्ही मिटवा. मोठ्यांनी मध्ये पडू नये." किती समजूतदार आई! वर तिचा आमच्याकडे राहिलेला डबा पुसून तिच्या हातात दिला.

एकाच जिन्यात राहून त्या दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. वर्षभराने लेनाच्या घरच्यांनी घर बदललं, आणि मला – लिहूनच टाकते – हायसं वाटलं. सईने मालिका सोडली. दुसरी तशी मैत्रीण तिला मिळाली नाही. मुली विसरतात, असं मी स्वतःला सांगायची. विसरतात का?

सई आता बॉनला शिकते. मागच्या महिन्यात सुट्टीला आली होती. मी पोळ्या करत होते, ती ओट्याला टेकून उभी होती. तिने फोन माझ्यापुढे धरला. लेनाला मेसेज लिहिला होता, पाठवला नव्हता. तू नाही म्हणत होतीस तेव्हा मी ऐकायला हवं होतं, कदाचित मीच चुकले – असं काहीसं. पाठवू का, तिने विचारलं.

खरं सांगणं तर राहू द्या, नुसतं 'पाठव' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण दोघी बोलल्या की जॅकेटमधल्या फोनची गोष्ट निघणार. मग कोण कुठे उभं होतं, तेही निघणार. एवढं सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं, हे विशेष. मी म्हणाले, "कशाला जुनं उकरतेस? जी एकदा अशी वागली, ती पुन्हा वागेल."

सई म्हणाली, बरोबर आहे तुझं. आणि माझ्यासमोर तिने तो मेसेज पुसून टाकला.