शेवटचं घमेलं

कमान बांधून झाली, की तिच्याखालचा लाकडी सांगाडा काढताना गवंड्यानं स्वतः कमानीखाली उभं राहायचं, ही भिकन गवंड्याच्या घरातली रीत. आजा उभा राहिला, बाप उभा राहिला, भिकन तर अकरा वेळा. अकराही वेळा त्याची बायको कुंदाबाई समोर पदर दातांत धरून बसली. चुना तिनंच मळलेला असायचा. पण चुना मळणारीला विचारतो कोण?

सत्त्याऐंशी सालची ही बारावी कमान, पारोळ्याकडच्या एका शंभर वर्षांच्या दगडी शाळेच्या व्हरांड्यातली. जुन्या दगडाला सिमेंट मानवत नाही म्हणून हेडमास्तरांनी हट्टानं चुनाच वापरायला लावला, आणि वर घाईही लावली. रविवारी शताब्दीचा समारंभ, पाहुणे याच कमानीतून आत जायचे! चुन्याला काय निमंत्रणपत्रिका वाचता येते? तो खड्ड्यात महिनाभर मुरायला हवा. माथ्याच्या तीन दगडांना मुरलेला चुना पुरेना, तेव्हा भिकननं पाच दिवसांच्या खड्ड्यातलं घमेलं मागितलं. कुंदाबाईनं चिमूट चोळून पाहिली. बोटांना कच्च्या चुन्याची कणी लागली. तिनं तसं सांगितलं. कमान मला शिकवू नको, असं म्हणून त्यानं हात पुढे केला आणि तिनं घमेलं दिलं. तेच तिला आठ दिवस खात होतं.

शनिवारी सकाळी निम्मं गाव जमलं. सांगाड्याखालच्या पाचरी एकेक करून काढल्या, की कमान स्वतःच्या बळावर बसते. भिकन वहाणा काढून खाली उभा राहिला. त्याच्या भावानं, लोटननं, पहिली पाचर ठोकून काढली. माथ्यावरून चिमूटभर भुकटी भिकनच्या टोपीवर पडली. कमान बसतेय, म्हणाले सगळे. ती भुकटी कुठल्या घमेल्यातली, हे कुंदाबाईला ठाऊक होतं. बोलावं तर चारचौघांत नवऱ्याचं नाक कापायचं, न बोलावं तर नवराच जायचा. लोटननं पुन्हा हातोडा उचलला, तोच तिनं धावत जाऊन त्याचा हात धरला.

"थांब भाऊ. शेवटलं घमेलं कच्चं शे."

भिकनचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो शिडीवर चढला, माथ्याच्या सांध्यात त्यानं नख खुपसलं. नख सरळ आत गेलं. खाली येऊन त्यानं आपल्या हातानं पाचर परत ठोकली. रविवारी पाहुणे मागच्या दारानं आले.

चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्यानं ते सांधे खरवडून काढले आणि कुठल्या खड्ड्यातला चुना घेऊ, असं तिला विचारलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, तेव्हा कुठे विचारलं! अजून कुठलाच नाही, ती म्हणाली. तो मुकाट महिनाभर थांबला.

दुसऱ्यांदा पाचरी काढायचा दिवस आला, तेव्हा भिकननं लोटनच्या हातातला हातोडा काढून घेतला.

"आज तू उभी ऱ्हाय," तो कुंदाबाईला म्हणाला. "चुना तुना शे."

ती कमानीखाली गेली. वहाणा काढून ती माथ्याखाली उभी राहिली. पाचरी निघत गेल्या, सांगाडा खाली सरकत गेला, वरून भुकटीचा कणही पडला नाही. शेवटची पाचर भिकननं काढली, तेव्हा त्याच्या उपरण्याचं टोक त्याच्याच दातांत होतं.