मामाजींची उडी
घासलेटचा वास आला की मला बल्लारपूरची सासुरवाडी आठवते. नवा जावई म्हणून चहा करून दाखवायला गेलो आणि स्टोव्हला एवढा पंप मारला, की भडका पार छपराला भिडला. दारापाशी मी शूरासारखा ओरडलो, "मामाजी, आधी तुम्ही निघा!" सासरे जागचे हललेच नाहीत, पांढरेफटक पडून नुसते उभे. शेवटी बायकोनंच ओलं पोतं टाकून आग विझवली. कागद मिलच्या नोकरीआधी सासरे लढाईत बॉम्बफेकी विमानावर, पायलटला वाट दाखवणारे नेव्हिगेटर होते, एवढंच मला ठाऊक होतं. जळक्या पोत्याच्या धुरात खाली बसून ते बोलू लागले, "परततानी इंजिन पेटलं, जावईबापू. खटका ओढला का पायलटची खुर्ची त्याले बाहेर फेके, माही खुर्ची तशी नोती. मले दारातूनच उडी माराची होती. मी म्हटलं, नाई जात. तो विमान सरळ धरून वरडला, तू पहले निकल! मी पॅराशूटले लटकून होतो, तो आतच. समोरच विमान फुटलं." नंतर भांडी घासताना बायको हळूच म्हणाली, "बाबा झोपेत 'नाई जात, नाई जात' म्हणते. आमी हासो, मिलच्या ड्युटीचा कंटाळा आला म्हणून."