सिस्टरचा अर्धा तास

शहाद्यापासून तोरणमाळच्या घाटापर्यंत ज्या दंडावर आमच्या गल्लीतल्या सिस्टरची सुई पडली नाही, तो दंड माणसाचा नव्हेच. निवृत्त होऊन वर्षं लोटली. लसींची थंड पेटी खांद्यावरून उतरली, पण डोक्यातून नाही. लोक आल्या आल्या तब्येत विचारतात, ही फ्रिज उघडते. श्रीखंड फ्रिजच्या दारात, जिथं गारवा टिकत नाही तिथं ठेवलं म्हणून तिनं मला भर पाहुण्यांत झापलंय. आणि तिचा तो अर्धा तास! सुई टोचली की काही त्रास होतो का हे बघायला तिच्या नजरेसमोर अर्धा तास बसायचं, मग तुम्ही कलेक्टर असा. एकदा वरातीतच नवरदेवाच्या पायात खिळा घुसला. तिनं धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि त्याला मुंडावळ्यांसकट ओट्यावर बसवून ठेवलं. बँडवाले वाजवून वाजवून दमले, भटजी घड्याळ दाखवू लागले. सिस्टर म्हणाली, "मुहूर्त दुसरा भेटी, नवरदेव नही भेटाव!"

अशा बाईच्या शेजारी राहून आम्ही तिघी जावांनी चोरून वजन उतरवायचं ठरवलं, म्हणजे बघा आमची अक्कल! थोरलीच्या लेकाचं लग्न तोंडावर आलेलं, ब्लाउज अंगात शिरेनात. सुरतेच्या कुणा जिमवाल्याकडून भूक मारणारं इंजेक्शनचं पेन मागवलं. भर मे महिन्यात ते बसच्या टपावरून आलं, ना बर्फ, ना डॉक्टरची चिठ्ठी. पेन एक, टोचणाऱ्या तिघी. सुई मात्र दर खेपेला बदलायचो हं, इतक्या आम्ही शहाण्या! पेन माझ्या फ्रिजमध्ये, कैरीच्या पन्ह्यामागे. पुढे थोरलीला उलट्या सुरू झाल्या, तर आम्ही म्हटलं, चला, लागू पडलं.

उलट्यांच्या तिसऱ्या दिवशी सिस्टर आली आणि तिनं फ्रिज उघडला.

"काय शे हाई? कोनता डॉक्टरनी दिधं?"

मी आधी पन्ह्याकडे बघत राहिले, मग सगळं कबूल केलं.

"पेन काय पापडना पोळपाट शे का, तीन घर फिराले? सुई बदली तरी एकनं रगत दुसरीना आंगमा जास, माय!" मग एकदम तिचा आवाज उतरला. "थोरली कोठे शे?"

थोरली पोट धरून भिंतीला टेकली होती. कळ पाठीत जाते म्हणाली. सिस्टरनं तिला तशीच रिक्षात घालून दवाखाना गाठला. स्वादुपिंडाला सूज होती. पित्ताशयात जुने खडे होते, तशात हे औषध फार जपून द्यायचं असतं. आधी डॉक्टरांकडे गेलो असतो, तर त्यांनी ते विचारलं तरी असतं. ती सलाईनवर होती तेवढे दिवस मी देव पाण्यात घालून बसले होते. ती वाचली. लेकाच्या लग्नात तिनं खुर्चीवर बसून अक्षता टाकल्या. सिस्टरनं आम्हा तिघींचं रक्तही तपासून घ्यायला लावलं.

लागण कुणालाच झाली नव्हती, पण माझी साखर वाढलेली निघाली. सगळं विचारून, तपासून डॉक्टरांनी मला त्याच जातीचं, मुळात साखरेसाठीचं औषध लिहून दिलं, अगदी कमी मात्रेपासून, आणि पेन माझं एकटीचं. दर रविवारी ते घेऊन मी सिस्टरकडे जाते. सुरुवातीला तीच टोचायची. आता तिचा हात थरथरतो, म्हणून मी टोचते आणि ती बघते. हे घरीही करता येतं, तिलाही ठाऊक आहे. पण तिचा मुलगा सुरतेला, घरात ती एकटी. मला वाईट वाटतं.

"आते बठ, आर्धा तास," ती म्हणते. मी बसते. ती पेटी घेऊन चढलेल्या पाड्यांच्या गोष्टी सांगते. गेल्या रविवारी अर्धा तास केव्हाच उलटला, तरी तिनं ऊठ म्हटलं नाही. मीही घड्याळाकडे पाहिलं नाही.