आर्गॉननंतर पोटॅशियम

नसीम टीचर आज पहाटे गेल्या.

मला राग आलाय त्यांचा. बेल झाली तरी वर्गातून न हलणारी बाई, आणि आज एवढी घाई?

राहायच्या रोह्याजवळच्या अष्टमी गावात, शिकवायला पेणला. अकरावीला आम्हाला केमिस्ट्री.
मी पेणजवळच्या जोह्याची. आमचा गणपतीचा कारखाना.

टेस्टमध्ये मूलद्रव्यांची रांग लावताना मी पोटॅशियम आर्गॉनच्या आधी लिहिलं. वजन कमी, म्हणून पुढे! आमच्याकडे मूर्ती तशाच मांडतात, हलकी पुढे, जड मागे.

नापास झाले. कॉलेज सोडून रंगकामाला बसले. बाबा खूश.

आठवड्याभरात टीचर दारात. रमजान चालू, ऊन मरणाचं, पोटात पाण्याचा थेंब नाही.

"डोक्यात नाय जात तिच्या, राहू द्या," बाबा म्हणाले.

टीचरनी एका ओल्या मूर्तीच्या पाटावर लिहिलेला ऑर्डरचा नंबर दाखवला.
"ही सुकली की वजन उतरेल ना गो? मग नंबर बदलशील?"
"छे! देव भलत्याच घरी जाईल."
"मग! मूलद्रव्याच्या चौकटीत पण तेच. अणुअंक हीच त्याची ओळख. अठरा आर्गॉन, एकोणीस पोटॅशियम. रांग नंबरानं लागते, वजनानं नाय."

"पण अणूच्या वजनाला दशांशाचा पॉइंट कशाला?" मी विचारलं.
"एका साच्यातल्या सगळ्या मूर्ती सारख्याच भरतात काय?"
"नाय. थोडं उन्नीस-बीस."
"अणूंचं पण तसंच. सरासरी काढली की पॉइंट येणारच."

बाबा ब्रश खाली ठेवून ऐकत होते. "सोमवारपासून येईल ती," तेच म्हणाले.

तोवर रोजा सोडायची वेळ झाली. आईची नुसती धावपळ. खजूर कुठून आणणार? चिकू कापले. गणपतींच्या मधे बसून टीचरनी रोजा सोडला. माझा फार जीव होता हो त्यांच्यावर.

पुढे मी बीएस्सी झाले. गेल्या आठवड्यात रोह्याच्या एका कंपनीत लॅबसाठी इंटरव्ह्यू दिला. टीचर हॉस्पिटलमध्ये होत्या.
"काय ते कळलं की आधी मला सांग हां. बापाला नंतर."

आज सकाळी त्यांच्या घरी जाऊन आले. चेहरा पाहिला.

तरी दुपारी "सिलेक्ट झालात" असा कॉल आला, तसा मी टीचरनाच फोन लावला.

त्यांच्या लेकीनं उचलला.
"मम्मीला दे ना," मी म्हटलं.

मग आम्ही दोघी रडलो.

टीचर, मला नोकरी लागली. बाबांना अजून सांगितलं नाही.

तुमच्या विद्यार्थिनीची रडत रडत श्रद्धांजली.