चालूकाकांना न जमलेलं इंजिन

माझ्या मावशीच्या यजमानांना अख्खं बंदर चालूकाका म्हणायचं. बोटीचं कुठलंही इंजिन चालू करतात म्हणून चालू. दुसरा अर्थ काढणाऱ्याच्या अंगावर ते पाना घेऊन धावत. माणूस सरळ, पण बढाईला तोड नाही. "मढं सोडून काहीही चालू करीन," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझे बाबाही इंजिनवाले, आणि वर त्यांचे साडू. मग काय, एका म्यानात दोन तलवारी! काकांच्या कामाला बाबांनी उभ्या जन्मात चांगलं म्हटलं नव्हतं. आई आणि मावशी सख्ख्या बहिणी म्हणून दोन घरांत येणंजाणं तरी टिकलं.

त्या वर्षी युद्धातून पळालेली माणसं बोटी भरभरून आमच्या किनाऱ्याला लागू लागली. सरकारने नियम काढला: बोटीचं इंजिन दुरुस्त करायचं, डिझेल-पाणी द्यायचं आणि बोट हद्दीबाहेर सोडायची. इंजिन दुरुस्त होतच नसेल, तरच माणसं उतरवून घ्यायची. नियम करणाऱ्याने इंजिनाची किती काळजी घेतली होती बघा!

अशीच एक बोट धक्क्याला ओढून आणली आणि बंदराच्या साहेबांनी काकांना बोलावलं. सुटे भाग घेऊन मीही गेले. सुट्या भागांचं दुकान माझंच. बोटीत पाय ठेवायला जागा नव्हती. एक म्हातारी पातेल्याने पाणी उपसून बाहेर टाकत होती. इंजिनाकडे एक नजर टाकून काका तळाच्या फळ्याच दाबून बघत बसले. बोटीला बोट लावावं तिथे ते फळीत आत जात होतं.

"साहेब, ही दोन दिवससुद्धा तरायची नाही."

"मी इंजिनाचं विचारतोय, काका. फळ्यांचं नियमात नाही. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

काका पुन्हा इंजिनावर वाकले. उठले, हात पुसले.

"नाही जमत."

साहेब हसलेच. "तुम्हाला?"

"वय झालं आता."

डिझेलच्या नळीत नुसती हवा अडकली होती. मला दुकानदारणीलाही ते दिसत होतं. पण साहेब काही दुधखुळे नव्हते. त्यांनी बाबांना बोलावणं धाडलं.

तोवर अर्धं बंदर धक्क्यावर जमलं होतं. सगळ्यांसमोर साडूचं नाक कापायची संधी, म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

बाबांनी नळी चाचपली. मग म्हातारीकडे पाहिलं. तिचं पातेलं थांबलं नव्हतं. मग काकांकडे पाहिलं. काकांनी मान फिरवली. विनवणी करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"साहेब," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यांच्या तोडीचा कारागीर या किनाऱ्यावर नाही. यांना जमलं नाही, ते मला कुठून जमणार?"

साहेबांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. मग त्यांनी शिडी लावायला सांगितली.

माणसं उतरली. म्हातारी पातेलं घेऊनच उतरली, काकांचा हात धरून. मी रडले, लपवायचं कशाला?

आम्ही तिघं घरी निघालो. वाटेत बाबांना राहवेना.

"नळीत हवा होती."

"माहितीय."

"मी पाच मिनिटांत चालू केलं असतं."

"मी तीन."

"तीन? थापा मारताना जीभ झडत नाही का हो, साडूबुवा?"

तिथून दोघांची जी जुंपली, ती थेट मावशीच्या दारापर्यंत.