घराचं एकच उत्तर

मंगळवारी दुपारी वहिनींचा फोन आला. भाऊ वर्गात शिकवता शिकवता खुर्चीवर बसला आणि गेला. मी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक घालत होते. हातातल्या पुस्तकावर क्रमांक घातला, मग उठले.

योगराजभाऊ गोंदियाच्या एका कॉलेजात व्यवस्थापन शिकवायचा. एकाच घरातल्या तीन पिढ्या खरेदी कशी करतात, हा त्याच्या पीएच.डी.चा विषय. नागपूरला जाऊन तो नवं संशोधन वाचून यायचा आणि जेवताना आम्हाला सांगायचा. त्या लेखांत पिढ्या जन्मसालावरून पाडलेल्या असत. अमुक पिढी दुकानदाराचं ऐकते, तमुक जाहिरातीचं. सांगता सांगता तो थांबायचा... आपल्याकडे जाऊन पाहायला पाहिजे, म्हणायचा. पदवीवाचून त्याची बढती अडली होती, त्यामुळे घाई त्यालाही होती आणि वहिनींना त्याहून जास्त.

गोंदियाजवळच्या दवनीवाडा गावात प्रश्नावल्या भरून घ्यायला मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून जायचे, कारण बाया त्याच्याशी मोकळ्या बोलत नसत. प्रत्येकाने वेगळं बसून, कुणाला न विचारता प्रश्नावली भरायची, असा नियम होता. तो कोणत्याच घरात टिकला नाही. कागद दिसला की सगळं घर ओसरीत जमायचं. आजीचं उत्तर सून सांगायची, सुनेचं सासरा, आणि लिहायची कॉलेजात जाणारी नात. एका घरी आजीच्या कागदावर नातीच्याच टूथपेस्टचं नाव आलं. भाऊने विचारलं, तुम्ही ही वापरता का?

"मी कायले वापरू गा? माये दात कोठं हायेत?" आजी म्हणाली. "पोरीले आवडते ना, तर आमाले आवडते. लिव."

सगळे हसले. नात म्हणाली, सर, माझ्या कागदावर चहाची पत्तीसुद्धा आजीच्या पसंतीची आहे, मी तर चहा पीतच नाही. भाऊ हसला नाही.

मार्गदर्शकांनी ते सगळे कागद बाद ठरवले. एका घरातली उत्तरं सारखीच आली तर पिढ्यांची तुलना करायची कशी, हा त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. वर्गातल्या मुलांकडून आणि स्टाफरूममधल्या सहकाऱ्यांकडून नव्याने भरून घ्या, वर्षभरात प्रबंध होईल, असं त्यांनी सुचवलं. वहिनींनाही तेच पटलं. मीही भाऊला म्हटलं, आधी पदवी घे, मग तुला हवं ते लिही.

"अन् त्या आजीले काय सांगू?" तो म्हणाला. "तुमचं उत्तर चुकलं म्हणून?"

त्याने कागद घरनिहाय लावले आणि प्रबंध पहिल्यापासून लिहायला घेतला. आवड ही माणसाची नसते, निदान इथे तरी ती आधी घराची असते; पिढ्यांमधला फरक खरा आहे, पण तो ओसरीत एकमेकांशी बोलून मिटवला जातो, आणि हे मिटवणंच अभ्यासायला हवं... असं त्याचं म्हणणं होतं. मार्गदर्शकांनी अंग काढून घेतलं. दुसरे मिळेपर्यंत काही वर्षं गेली. तोवर दवनीवाड्यातही घरोघरी एकाच्या जागी चार मोबाईल आले. पोरं आता कोणाला विचारत नाहीत, तुझा सिद्धांत जुना झाला, असं सहकारी चिडवायचे. भाऊ म्हणायचा, असेल, पुन्हा जाऊन पाहतो. गेल्या दिवाळीनंतर तो जाऊनही आला. मी त्या वेळी सोबत नव्हते. काय दिसलं विचारलं, तर म्हणाला, लिहून झाल्यावर वाच.

त्याचं बरोबर होतं की मार्गदर्शकांचं, हे ठरवण्याइतकं माझं वाचन नाही. कॉलेजातल्या शोकसभेच्या फळ्यावर त्याच्या नावाआधी 'प्रा.' लिहिलेलं होतं. वहिनी फळ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

प्रबंधाची पाच प्रकरणं टाईप झालेली आहेत. दिवाळीनंतर पाहिलेलं ज्यात यायचं होतं, त्या सहाव्याचं फक्त शीर्षक आहे.